अक्रमशेठ बसले

माझी नात इनाया परवा मोबाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. कुठल्याशा परदेशी कादंबरीमालेत, जिच्यात राजे, जादूगार आणि उडणारी जनावरं आहेत, कुणाचं मरण सगळ्यात दुःखद याची कुणीतरी यादी केली होती. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा नंबर. मरणाचेसुद्धा निकाल लागतात आता. ती एकेक नाव वाचून दाखवत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, नानीच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते. मी म्हटलं, "बाई गं, ह्यातल्या एकाच्या तरी मयतीला बर्फवाला आला होता का?" ती म्हणाली, "नानी, काहीही काय!" तिला वाटलं मी थट्टा करतेय. आमच्या अक्रमशेठच्या मरणाला बर्फवाला आला होता. दोन लाद्या घेऊन. आणि अक्रमशेठ पुस्तकातले होते. म्हणजे, एक पुस्तकातले आणि एक समोरच्या गल्लीतले. हा घोळ नीट सांगायला हवा, कारण तो करणारी सगळी माणसं आता गेली आणि मी एकटीच उरलेय, आणि मी कुणाचं ऐकून घेणारी नाही.

आमचं घर भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडवर होतं. खाली अब्बांच्या बारा लूम, वर आम्ही. लूम चालू असल्या की आमच्या फडताळातल्या बशा आपोआप पुढे सरकायच्या आणि अम्मी दर तासाला त्यांना परत मागे ढकलायची. बाहेरची माणसं विचारायची, एवढ्या आवाजात तुम्ही झोपता कसे? आम्हाला उलट लूम थांबल्या की जाग यायची. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडूनही ऐकू आलं नाही तर हातवारे. माझं लग्न ठाण्याला झालं तेव्हा सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सूनबाई भांडकुदळ दिसते." मी फक्त चहा हवा का म्हणून विचारलं होतं.

आठवड्यातून एक दिवस मात्र गाव मुकं व्हायचं. शुक्रवारी लूमला सुट्टी आणि वीजही बंद. त्या दिवशी कळायचं की आमच्या गल्लीत कावळे आहेत, शेजारची म्हातारी खोकते आणि अब्बा घोरतात. जुम्म्याची नमाज झाली, की तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीच्या कोलंबीचं कालवण व्हायचं, कधी नारळाच्या रसातली सांदणं. पुरुष जेवून आडवे व्हायचे आणि वरच्या मोठ्या खोलीत बायका ताग्यांना बसायच्या. लूमवरून उतरलेल्या कापडाच्या ताग्यावर लोंबते धागे राहतात, ते कात्रीनं कापायचे. अम्मी, माझी आत्या म्हणजे जैनब फुफी आणि दिघाशीहून कामाला येणारी यमुना, अशा तिघी तीन बाजूंना बसायच्या आणि मध्ये पांढऱ्या कापडाचा हा ढीग. चौथी मी, आठवीतली. माझ्या हातात कात्री देत नसत, कारण मी धाग्यांबरोबर कापडही कापायचे. माझं काम वाचायचं.

घरात मराठी धड वाचता येणारी मी एकटीच. भाऊ उर्दू शाळेत होते. मला मराठी शाळेत घातलं ते काही स्त्रीशिक्षणाच्या कळवळ्यानं नव्हे. नगरपालिकेच्या नोटिसा मराठीत यायच्या आणि त्या वाचायला अब्बांना दर वेळी दुसऱ्याच्या पाया पडावं लागायचं. घरातलं एक पोर खर्ची घालावं असं ठरलं आणि मी खर्ची पडले. नोटिसा काही रोज येत नसत. मग मी नाक्यावरच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले, आणि तिथे मला 'नवखंडाचे पहारेकरी' ही कादंबरीमाला सापडली. एकतीस भाग. कागद असा की पानाआडून बोट दिसावं, आणि मुखपृष्ठावर प्रत्येक वेळी तोच घोडेस्वार, फक्त घोड्याचा रंग वेगळा. नऊ राज्यं, त्यांच्यावर चालून येणारी धुक्याची फौज, आणि तिला अडवणारे पहारेकरी. लेखकाला शब्दांचा भारी सोस. कुणी साधं पाणी प्यायचं नाही, जलप्राशन करायचं.

फुफीला ती नावं काही केल्या जमेनात. शार्दूलसेन म्हणताना तिची जीभ दाताखाली यायची. मग तिनं सरळ सगळ्यांची नावं बदलून टाकली. शार्दूलसेनचा शराफत झाला. राजकन्या मेघावती होती, तिची मेहरू झाली. धूम्रकेतू नावाचा खलनायक होता, त्याचं नाव तिनं आमच्या घरमालकाचं ठेवलं, ते मी इथे लिहीत नाही, त्यांची मुलं अजून आहेत. आणि घाट राखणारा म्हातारा सेनापती पराक्रमसेन, तो झाला अक्रमशेठ. पराक्रम, अक्रम, अक्रमशेठ. ऐकायला इतकं सरळ वाटायचं की महिन्याभरात मीसुद्धा वाचताना तेच नाव घ्यायला लागले.

आता खरे अक्रमशेठ. आमच्या समोरच्या गल्लीत त्यांच्या चोवीस लूम होत्या. बायको वारलेली, मूल नाही, स्वभाव कडू कारल्यासारखा. त्यांची ख्याती अशी की त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कारागीर उभा तर शेठही उभा. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. गटाराच्या पाण्यावरून त्यांचं आणि अब्बांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. दोघे एकाच रांगेत नमाज पढायचे आणि शेवटी सलाम फेरताना दोघांनाही मान वळवावी लागायची, तेवढीच काय ती नजरानजर. फुफी ताग्याला बसायची ती खिडकीशी, आणि त्या खिडकीतून अक्रमशेठच्या शेडचं दार दिसायचं. मी आपलं सांगून ठेवते. तिथे उजेड चांगला यायचा, असं फुफी म्हणायची.

फुफी अब्बांची धाकटी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हा अब्बांनी तिला घरी आणलं. तिचा दीर पडघ्याकडे राहायचा. त्याला पाच पोरं, तीन म्हशी आणि सदा आजारी बायको. तो दर ईदला यायचा, शेवया खायचा आणि म्हणायचा, "भाबीला पाठवा. आमचीच हाय ती." त्याला भाबीची आठवण का येते हे म्हशींनाही कळत असेल. अब्बा दर वेळी "बघू" म्हणायचे. फुफी त्या दिवशी जेवायची नाही.

तर मरणं. त्या लेखकाला माणसं मारायची भारी हौस. आणि वाचन शुक्रवारीच व्हायचं, म्हणून आमच्याकडे नवखंडातला प्रत्येक माणूस शुक्रवारी मेला. सहाव्या भागात ढवळी मेली. ढवळी म्हणजे बोलणारी बकरी. तिला खोटं बोलता यायचं नाही. दलदलीत खरी वाट कुठली ते दाखवायला ती पुढे गेली आणि शेवटच्या पावलाला बुडाली. यमुनानं कात्री खाली ठेवली. "मेली? येवढी शानी बकरी मेली?" मी म्हटलं, मेली. "नि तिची पिल्लां?" पुस्तकात पिल्लांचं काही नव्हतं. चार पानांपूर्वी एका ओळीत ती व्याली असं लिहून लेखक विसरून गेला होता. यमुना म्हणाली, "असा कसा? त्यांना कोनी पाजला? वाच ना गो पुढं." ती इतकी कावरीबावरी झाली होती की मी पानाकडे बघत ठोकून दिलं, "पिल्लांना शेजारच्या गवळणीनं पाळलं. दोन्ही जगली." यमुनानं निःश्वास सोडला आणि कात्री उचलली. खोटं वाचायची माझी सुरुवात ही अशी पुण्यकर्मानं झाली.

अकराव्या भागात राजाची आंधळी स्वयंपाकीण गेली. राजाच्या ताटातलं प्रत्येक पक्वान्न ती आधी चाखायची. एकदा जिभेला विष लागलं, पण बाहेर फौजेपुढे राजाचं भाषण चालू होतं, गडबड नको म्हणून तिनं ते ताट मुकाट बाजूला सारलं, दुसरं रांधून वाढलं आणि मग चुलीपाशी आडवी झाली. अम्मी कधी रडायची नाही. त्या दिवशी रडली. डोळे पुसत म्हणाली, "मेली ती मेली, जेवण कसं झालं तेसुद्धा कुणी विचारलं नाही." संध्याकाळी अब्बा उठले तेव्हा अम्मीनं त्यांच्यापुढे चहा आपटला. का, ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

आणि मग तेविसावा भाग आला. धुक्याची फौज नवव्या राज्यात शिरलेली आणि सगळी प्रजा घाट ओलांडून पळत होती. पराक्रमसेननं शपथ घेतली होती, की शेवटचं माणूस पलीकडे जाईपर्यंत मी बसणार नाही. सात दिवस, सात रात्री तो वाटेच्या तोंडाशी तलवार टेकवून उभा. सातव्या दिवशी एक म्हातारी आपली कोंबडी काखेत मारून शेवटची पार झाली आणि त्याला म्हणाली, "बाळा, मीच शेवटची. आता बस." पराक्रमसेन एका दगडावर बसला. आणि उठला नाही.

बस, एवढंच. ना बाण ना तलवार, ना शेवटचं भाषण. त्या शब्दांच्या उधळ्या माणसानं त्याच एका ठिकाणी हात आखडला होता. मी वाचलं, "अक्रमशेठ बसले. उठले नाहीत." आणि माझाच आवाज फुटला. यमुना हुंदके द्यायला लागली. अम्मीनं पदर तोंडाला लावला. आणि फुफी! मी फुफीला नवऱ्याच्या मयतीतही असं रडताना पाहिलं नव्हतं, मी लहान होते हे खरं, पण अम्मीही नंतर तेच म्हणाली. छाती पिटून रडली. "अक्रमशेठ गेले गो, अक्रमशेठ गेले! कुणी बस म्हणालं नाय त्यांना! सात दिवस कुणी बस म्हणालं नाय!"

शुक्रवारची दुपार, वीज नाही, गाव मुकं. दुसरा कुठला वार असता तर चोवीस आणि बारा छत्तीस लूमच्या आवाजात फुफीचा टाहो खालच्या पायरीपर्यंतही पोचला नसता. आमचा फिटर कासमभाई खाली लूमला तेल घालत होता. तीस वर्षं लूममध्ये काढल्यानं त्याचे दोन्ही कान अर्धे गेलेले, पण इतकं रडणं त्यालाही ऐकू आलं. तो जिन्याशी आला. यमुना पाणी प्यायला बाहेर आली होती, तिला त्यानं हातानंच विचारलं, काय झालं? तिनं नाक पुसत सांगितलं, "अक्रमशेठ गेला." कासमभाई म्हणाला, "कब?" यमुना म्हणाली, "आत्ताच. बसला नि गेला."

यमुनाची काही चूक नाही. जे झालं ते तिनं सांगितलं. कासमभाईचीही चूक नाही. तो भला माणूस, हातातली तेलाची झारी घेऊन तसाच मशिदीकडे धावला. पाव तासात लाउडस्पीकर खरखरला. बॅटरीवर चालायचा तो. "एक जरूरी एलान सुनिए. अक्रमशेठ लूमवाले का इंतकाल हो गया है. मय्यत का वक्त बाद में बताया जाएगा." आम्ही वर चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. यमुना म्हणाली, "बघा, मशिदीत पन कळला." मग फुफीच्या हातातली कात्री पडली. तिचा चेहरा असा पांढरा झाला की ताग्यात आणि तिच्यात फरक राहिला नाही. "खरे गेले?" ती म्हणाली. "माझ्या बोलण्यानं गेले?"

खरे अक्रमशेठ त्या वेळी आपल्या शेडमध्ये लूमखाली उताणे पडून नट पिळत होते. स्वतःच्या मरणाचा एलान त्यांनी तिथूनच ऐकला. बाहेर येतात तो दारात बर्फवाला मयतीसाठी दोन लाद्या घेऊन उभा, मागे चारपाई घेऊन चार जण, आणि एक कारागीर, ज्याला त्यांनी आदल्या दिवशी कामावरून काढलं होतं, तो सगळ्यांत मोठ्यानं रडतोय. शेठनी त्याला विचारलं, "तू का रडतोस रे?" तो म्हणाला, "शेठ, आदत है." लोकांनी शोध घेतला. मशिदीतून कासमभाई, कासमभाईकडून यमुना, यमुनाकडून आमचं घर. आणि गल्लीतल्या बायकांनी पुढचं पुरवलं, की जैनब तर छाती पिटून रडत होती, अक्रमशेठ अक्रमशेठ करत.

अब्बांना झोपेतून उठवून हे सांगितलं गेलं. माझे अब्बा वाईट नव्हते. पण माणसाला झोपेतून उठवून त्याची अब्रू गेली म्हणून सांगितलं, तर तो आधी अब्रू शोधायला धावतो आणि मग चष्मा. ते मोठ्या खोलीत आले. "त्या गटारवाल्यासाठी?" ते फुफीला म्हणाले. "भर मोहल्ल्यात? माझी बहीण?" फुफी खाली मान घालून बसलेली. ते म्हणाले, "बस झालं. उद्या पडघ्याला निरोप धाडतो. दिराला म्हणावं, घेऊन जा." फुफीनं ताग्यावरचा एक धागा कापला, जो कापायची गरज नव्हती.

पुस्तक मी आणलं होतं. मी ओरडले, आम्ही तसंही ओरडूनच बोलायचो, "अब्बा, ते पुस्तकातले अक्रमशेठ! पुस्तकातले मेले!" अब्बांनी पुस्तक हातात घेतलं. "दाखव. कुठे लिहिलंय अक्रमशेठ?" आणि तिथे मी मेले. एकतीस भागांत कुठेही अक्रमशेठ लिहिलेलं नव्हतं. अब्बांना मराठी एकेक अक्षर लावून जेमतेम वाचता यायचं. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "प-रा-क्र-म-से-न." मग माझ्याकडे पाहिलं. "हा तर पराक्रमसेन. अक्रमशेठ कुठाय?" मी सांगितलं, फुफीला नाव जमत नव्हतं म्हणून तिनं बदललं. हे मी तिला वाचवायला बोलले. "म्हणजे नावसुद्धा हिनंच ठेवलं," अब्बा म्हणाले. अशी मदत करणारी भाची असल्यावर माणसाला दुश्मन कशाला हवेत!

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मयत स्वतः चालत वर आली. काळ्या तेलाचे हात, सदऱ्यावर डाग, मागे पाच-सहा जण. तीन वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या दारात उभे होते. अब्बांनी "बसा" म्हटलं नाही. ते बसलेही नसते. पडद्याआड अम्मीनं फुफीला आणि यमुनाला ओढून घेतलं. अक्रमशेठ म्हणाले, "मला कोणी मारलं ते बघायला आलोय." अब्बांनी पुस्तक पुढे केलं. "ह्या पोरीनं. ह्यात."

शेठनी मला विचारलं, "तुला वाचता येतं?" मी मान हलवली. "वाच मग. मी कसा मेलो ते ऐकू दे."

मी वाचलं. आणि या वेळी मी मुद्दाम, प्रत्येक ठिकाणी, पराक्रमसेनच्या जागी अक्रमशेठ म्हटलं. अब्बा बघत होते, लोक बघत होते. घाटाच्या तोंडाशी अक्रमशेठ उभे राहिले. पहिल्या दिवशी बैलगाड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी पाय सुजले. पाचव्या दिवशी अंगावरून पोरंबाळं जात होती, आणि कुणालाही वाटलं नाही की हा माणूस थकला असेल, कारण तो नेहमीच उभा असायचा. हे वाक्य पुस्तकातलंच आहे, माझं नाही, लेखकाला त्याचं श्रेय द्यायला हवं. मग म्हातारी आली. "बाळा, मीच शेवटची. आता बस." मी म्हटलं, "अक्रमशेठ बसले."

आणि अक्रमशेठ बसले. आमच्या खोलीत, ताग्याच्या ढिगावर. पांढऱ्या कापडावर तेलाचे हात ठेवून बसले. एका ताग्याचं नुकसान झालं, पण अब्बांनी ते हिशेबात धरलं नाही. मग शेठ पडद्याकडे न बघता पडद्याला म्हणाले, "ह्याच्यासाठी रडलात तुम्ही?" आतून फुफीचा आवाज आला, नाक चोंदलेला. "हो. त्याला कुणी बस म्हणालं नाय म्हणून." शेठनी अब्बांना विचारलं, "पुढच्या भागात परत येतो का हा?" अब्बा म्हणाले, "मला काय माहीत? मी फक्त नोटिसा वाचून घेतो." आणि मग दोघेही हसले. तीन वर्षांचं गटार त्या हसण्यात वाहून गेलं, निदान सहा महिने तरी.

पडघ्याला निरोप गेला नाही. पंधरा दिवसांनी अक्रमशेठचा निरोप मात्र आला, मागणीचा, रीतीनं, त्यांच्या बहिणीकडून. अब्बांनी फुफीला विचारलं. हे त्यांचं मोठेपण, मी मान्य करते, आमच्याकडे विचारायची पद्धत पुस्तकातच जास्त होती. फुफी म्हणाली, "शुक्रवारचं वाचन बंद होणार नसेल तर." तशी ती गल्ली ओलांडून समोरच्या खिडकीत गेली आणि तिथून आमची खिडकी बघायला लागली. उजेड तिकडेही चांगला असणार.

वाचन चालू राहिलं, पण 'नवखंडाचे पहारेकरी' तिथेच थांबली. फुफीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी लायब्ररीतून चोविसावा भाग आणून चोरून वाचला. आणि काय असावं? चौथ्या पानावर पराक्रमसेन उठून उभा! कुणा जादूगारानं कसलीशी मुळी हुंगवली म्हणे. वाचकांची पत्रं गेली असतील, प्रकाशकानं तंबी दिली असेल, आणि त्या भित्र्या लेखकानं आपलं एकमेव चांगलं काम पुसून टाकलं. मी धावत फुफीला सांगायला गेले. "फुफी, अगं चौथ्या पानावर—" तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "पुढचं नको. ते पुस्तक माझ्या घरात आणू नकोस. पुढं वाचलं आणि तो मेल्याचं पक्कं झालं तर? मी आता त्याच्या घरात राहते." मी कपाळावर हात मारला. मेलेला उठलाय हे तिला सांगायला मला चौदा वर्षं तोंड उघडू दिलं नाही.

अक्रमशेठ नवरा म्हणून कसे होते? कडूच होते. पण संध्याकाळी एकदा, लूमची शिफ्ट बदलायच्या वेळी, फुफी दारात येऊन ओरडायची, "आता बसा!" आणि सगळ्या कारागिरांदेखत ते बसायचे. कपभर चहापुरते. लोक घड्याळ लावायचे त्यावर.

माझं लग्न झालं, मी शाळेत शिकवायला लागले, अब्बा गेले. लायब्ररी बंद होऊन तिथे व्हिडिओ पार्लर आलं, तेव्हा लायब्ररीवाल्या काकांनी तो एकतीस भागांचा संच मला देऊन टाकला. आणि मग एक दिवस ठाण्याला फोन आला, की अक्रमशेठ गेले. या वेळी मी दोनदा विचारलं, कुठले? खरेच होते. चहाला बसले आणि कप हातातच राहिला.

मी पोचले तेव्हा बायकांनी खोली भरली होती. बर्फवाला येऊन गेला होता, तोच, आता म्हातारा. फुफी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका कुजबुजत होत्या, मन मोकळं करू दे हिला, रडव कुणीतरी. शेठची बहीण तिला हलवून म्हणाली, "रड गो, जैनब, रड." फुफी शांतपणे म्हणाली, "माझं रडून झालंय. ह्यांच्या समोरच झालंय."

नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. मी सुट्टी काढून काही शुक्रवार तिच्याकडे जायचे. दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी तिनं तागा पुढ्यात ओढला आणि म्हणाली, "तो पुढचा भाग आण. तुझ्याकडे हाय ना?" मी म्हटलं, नको म्हणालीस ना? "आता काय पक्कं व्हायचं राहिलंय?"

पुढल्या शुक्रवारी मी चोविसावा भाग घेऊन तिच्यासमोर बसले. खोलीत आम्ही दोघीच. अम्मी गुडघ्यांनी थकली होती, यमुना तिच्या गावी दिघाशीला नातवंडं सांभाळत होती. मी पहिलं पान वाचलं, दुसरं, तिसरं. फुफीची कात्री चालत होती. पान उलटलं आणि चौथ्यावर ते वाक्य आलं, की पराक्रमसेनने नेत्र उघडले. कात्री थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, अशी, की मला कुणी जागच्या जागी धरून ठेवलंय असं वाटलं. पुस्तकातल्याला मुळी मिळाली. माझ्या फुफीच्या माणसाला कुणी मुळी हुंगवली नव्हती. तिच्यासमोर मी त्याला कोणत्या तोंडानं उठवणार होते?

मी दोन पानं एकदम उलटली आणि पानाकडे बघत वाचलं, "लोकांनी अक्रमशेठना त्याच दगडाशेजारी पुरलं. दगड तसाच राहू दिला. घाटातून जाणारा प्रत्येक जण त्या दगडावर क्षणभर बसतो, कुणी सांगावं लागत नाही, आणि मग पुढे जातो."

फुफीनं कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "बरं केलं लिवणाऱ्यानं. उठवला असता ना, तर मी त्याला माफ केलं नसतं." एकतीस भाग लिहिणाऱ्या त्या माणसाची कुणी मनापासून केलेली ही एकच स्तुती मी ऐकली, आणि तीही त्यानं न लिहिलेल्या ओळींसाठी. आणि मग, जिचं रडून झालं होतं ती माझी फुफी, ताग्यात तोंड खुपसून रडली. मी तिला थांबवलं नाही.

इनाया म्हणतेय, तिला तो संच वाचायचाय. देईन म्हणते, मराठी वाचायची सवय होईल तिला. चोविसाव्या भागातली चौथ्या पानापासूनची काही पानं नाहीत. विचारलं, तर उंदरांनी खाल्ली म्हणून सांगेन.